वरच्या न्हाणीतला दिवा

घर दाखवायच्या आधीच अक्कांनी मला विचारलं, की गीझर चालू ठेवून अंघोळ करतेस का. मी उंबऱ्यात उभी होते, खांद्याला बॅग, प्रवासाने डोकं भणभणलेलं. नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ओल्या हाताने बटण दाबतेस का. त्यालाही नाही म्हणाले. नोकरी कुठे, लग्न झालंय का, मांसमच्छी खातेस का, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. आत तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, पोर बरी दिसते. आतून एका पुरुषाचा सावकाश आवाज आला, "मग राहूं दे कीं."

बँकेने माझी बदली कुंभकोणमला केली होती. आमच्याच शाखेतल्या एकाने सांगितलं, गावातल्या मेलकावेरी भागात एक मराठी घर आहे, माडी रिकामी आहे, बाई जरा विचित्र आहेत पण माणसं चांगली. मराठी घर म्हणून मी धावत गेले. पहिले काही दिवस मला त्यांचं मराठी अर्धंच कळायचं. त्यांचे पूर्वज कधीतरी तंजावरच्या राजांबरोबर आले आणि इथलेच झाले. बाहेर सगळे तमिळ बोलायचे आणि दार लोटून घेतलं की घरात एक जुनं मराठी सुरू व्हायचं. सगळ्याला ते 'अस्कं' म्हणत, इकडेला 'हकडे', गरम पाण्याला 'ऊन पाणी'. आणि मी बोलले की अक्का हसून म्हणायच्या, तुझं मराठी फार घाईचं आहे.

घाईचं माझं मराठी, पण घाईत असायच्या त्या. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, ठिपक्यांची सुती सुंगुडी साडी नेसणाऱ्या या बाईंना मी कधी पुरतं बसलेलं पाहिलं नाही. कॉफी त्या चालता चालता प्यायच्या. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात कॉफी ओतत ओतत त्या ओटीवरून माजघरात, माजघरातून परसात जायच्या आणि वाटेतल्या प्रत्येक बटणाकडे बघायच्या. अंबाड्यात फूल असेल नसेल, टेस्टर मात्र खोचलेला असायचा. तोच तो पिवळ्या मुठीचा, वायरमन लोक खिशाला लावतात तो. खाली आणि वर, दोन्ही न्हाण्यांच्या दाराशी रबरी चपलांचे जोड ठेवलेले होते. घरात चपला चालत नसत, पण या चपला घातल्याशिवाय न्हाणीतल्या दिव्याचं बटण दाबायची परवानगी नव्हती. जिन्यात भेटलं की त्या "बरी आहेस ना" असं विचारत नसत. "हात पुसलेस कीं?" असं विचारत.

देवळात निघाल्या की वळणापर्यंत जाऊन परत यायच्या. मेन स्विच पाहायच्या, पुन्हा निघायच्या. कोपऱ्यावरच्या फूलवालीला हे इतकं माहीत होतं, की अक्का पहिल्यांदा जाताना ती फुलं द्यायचीच नाही. दुसऱ्यांदा आल्या की पुडा पुढे करायची.

एकदा शेजारच्या गल्लीतल्या लग्नाला आम्ही गेलो होतो. मुहूर्ताची वेळ, सनईसारखं नादस्वरम् रंगात आलेलं, सगळ्यांच्या हातात अक्षता. मांडवाला सोडलेल्या दिव्यांच्या माळेची एक वायर दारातल्या ओल्या रांगोळीवरून गेली होती. अक्कांनी ती पाहिली. त्यांनी कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ जाऊन प्लग उपटला. दिवे गेले, माइक गेला, पंखे गेले. नवऱ्यामुलाच्या हातातलं मंगळसूत्र तसंच राहिलं. मुलीचा बाप संतापून धावत आला तेव्हा अक्का गुडघ्यावर बसून ती वायर बाजूच्या खांबाला बांधत होत्या, आणि बांधलेली गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होत्या. ते पाहून त्या माणसाने राग गिळला. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा नुसता चक्रमपणा नाही. या बाई कशाला तरी घाबरतात.

त्यांचे यजमान, मी त्यांना काका म्हणायचे, अगदी उलट स्वभावाचे. शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. दिवसभर ओट्यावरच्या आरामखुर्चीत बसून समोरून जाणाऱ्या माणसांची चित्रं काढायचे, तीही डाव्या हाताने. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. चित्रातल्या रेघा थोड्या कापऱ्या असायच्या. कशावरूनही काही झालं, दूध नासलं, मुलाचा चेन्नईहून फोन आला नाही, पावसात छत गळलं, की ते म्हणायचे, राहूं दे. ते असं म्हणाले की अक्का ताडकन तिथून निघून जायच्या. मला वाटायचं, शांत माणसाचा अशांत माणसाला राग येतो, तसलंच काहीतरी असेल.

अक्कांची अस्वस्थता संसर्गजन्य होती. काही महिन्यांत मलाही ती लागली. बँकेत समोर गिऱ्हाईक उभं असताना मला इस्त्री आठवायची. सुट्टीत गावी गेले तरी रात्री उठून आईच्या स्वयंपाकघरातले प्लग बघायचे. आई म्हणाली, तुला तिकडे झालंय तरी काय.

अशात माझ्या न्हाणीतला दिवा बिघडला. छतालगत भिंतीवर जुना काचेचा गोल दिवा होता. वाफेने त्याची पत्र्याची बैठक गंजली होती, काचेत पाणी साठलं होतं, आणि दिवा लुकलुकायचा. अक्कांनी वर येऊन तो पाहिला आणि त्याच क्षणी बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. त्यांचा ठरलेला वायरमन जवळच्या पापनाशम गावी कुणाच्या नव्या घराच्या कामावर गेला होता. तो येईपर्यंत दिवा लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. न्हाणीत एका खिळ्याला टॉर्च टांगून दिला. मी पहाटे त्या टॉर्चच्या उजेडात अंघोळ करायचे. वायरमन आज येतो, उद्या येतो करत राहिला.

त्याच सुमारास माझे वडील राहायला आले. कराडजवळच्या एका साखर कारखान्यात ते भांडारपाल होते. आमच्या घरातला एकही दिवा, एकही नळ कधी बाहेरच्या माणसाने बसवलेला नाही, हा त्यांचा अभिमान. न्हाणीत टॉर्च टांगलेला पाहून त्यांना स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातून नवा दिवा घेऊन आले. चांगला होता, चारी बाजूंनी बंद, पाणी आत शिरू नये म्हणून रबराची कडी असलेला. अक्कांनी तो उलटसुलट करून पाहिला, पसंत केला, आणि काढून घेऊन कपाटात ठेवला. वायरमन आल्यावर, म्हणाल्या.

मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. बाबा जिन्यात भेटले की म्हणायचे, अक्का, पंधरा मिनिटांचं काम आहे. अक्का म्हणायच्या, मरायला पंधरा मिनिटं लागत नाहीत. बाबा म्हणायचे, मी जन्मभर हेच केलंय. बाबांना अण्णा म्हणणाऱ्या अक्का उत्तर द्यायच्या, अण्णा, जन्म अजून संपला नाही. मी दोघांच्या मध्ये. खाली गेले की काका मला बसायला खूण करून, भांडणाऱ्या दोघांचं चित्र दाखवायचे. बाबांचं नाक फार हुबेहूब साधलं होतं.

शेवटी एका रविवारी सकाळी अक्का बाजारात गेलेल्या पाहून बाबांनी काकांकडून तो दिवा मागून घेतला. काका म्हणाले, न्या, राहूं दे, मी सांगेन तिला. मी न्हाणीत गेले तेव्हा बाबांनी लाकडी स्टूल लावलं होतं, बटणावरची चिकटपट्टी काढून बटण बंद असल्याची खात्री केली होती, आणि जुन्या दिव्याची काच उतरवून बैठकीचे स्क्रू सैल करत होते. मी त्यांना थांबा म्हणाले. ते म्हणाले, बटण बंद आहे की. तेवढ्यात जिन्यावर अक्कांची पावलं वाजली. त्या अर्ध्या वाटेवरून परतल्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, हात मागे घ्या आणि तसेच उभे राहा. त्यांचा आवाज असा होता की बाबांनी खरंच हात मागे घेतले. अक्का खाली गेल्या, मेन स्विच पाडला, वर आल्या. बाबा हसून म्हणाले, झालं समाधान? आता घराचाच करंट बंद आहे. अक्का म्हणाल्या, टेस्टर लावून बघा. बाबा म्हणाले, मेन पाडल्यावर काय बघायचं. पण त्यांनी वाद वाढवला नाही. अक्कांच्या मुलाने हट्टाने बसवलेल्या इन्व्हर्टरवर खालची ओटी चालायची, तिथला पंखा अजून फिरत होता. अक्कांनी तिथल्या प्लगात टेस्टर घालून तो पेटतो हे पाहिलं, मग वर येऊन बाबांच्या हातात दिला.

बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि टेस्टरचं टोक दिव्यातल्या तारेला लावलं.

मुठीतला बारीक दिवा पेटला.

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच काही क्षण राहिलं, जणू ते काढून घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. मग ते जपून खाली उतरले आणि पालथ्या बादलीवर बसले. स्क्रू काढून झाल्यावर ते ती तार बोटांनीच धरणार होते.

इन्व्हर्टर, अक्का म्हणाल्या. तो फक्त खालच्या ओटीला जोडलाय असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. ही न्हाणीही त्याच तारेवर असणार हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. करंट गेल्यावर त्या न्हाणीतला दिवा अक्कांनी कधी लावूच दिला नव्हता.

बाबांनी मान हलवली. आणि मग बटणाकडे बघत ते म्हणाले, "पण अक्का, इन्व्हर्टरचा करंट येत असेल तर येऊ दे. बटण तर बंद आहे ना? मग दिव्यापर्यंत आला कसा?"

अक्का बटणाकडे वळल्या. म्हणाल्या, परत सांगा. बाबांनी परत सांगितलं. बटण बंद आहे, तरी दिव्यात करंट आहे.

अक्का न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या. मी त्यांना पुरतं बसलेलं पाहिलं ते तेव्हाच. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि आम्हाला जे सांगितलं ते एका दमात, आमच्याकडे न बघता सांगितलं.

मुलगा लहान असतानाची गोष्ट. खालच्या न्हाणीतला दिवा बदलायचा होता. काका स्टुलावर चढले, अक्का बाहेर बटणांच्या फळीपाशी उभ्या राहिल्या. काकांनी आतून विचारलं, बंद? अक्का म्हणाल्या, बंद. काकांनी हात घातला आणि फेकले गेले. खांदा निखळला, हाड मोडलं, कितीतरी दिवस ते शुद्धीवर नव्हते. त्यांचे धाकटे भाऊ याच गल्लीच्या टोकाला राहायचे. त्यांनी दवाखान्यात सगळ्यांसमोर सांगितलं, वहिनीने भलतंच बटण दाबलं. फळीवर बटणं पुष्कळ होती. काका घरी यायच्या आधी त्या भावानेच खालच्या मजल्यावरच्या सगळ्या तारा उपटून नव्या घातल्या. कुणी काही तपासलं नाही. तपासायचं काय, बायकोचा घोटाळा झाला, एवढंच. आणि काका बोलायला लागल्यावर पहिलं काय म्हणाले, तर राहूं दे, होतं असं, तूं मनाला लावून घेऊं नको. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

"मी बंद केलें होतें," अक्का म्हणाल्या. "मग मलाच वाटूं लागलें कीं नसेल केलें. अण्णा, मी अजून रोज तें बटण दाबून बघतें."

बाबा उठले. त्यांच्या आवाजात आता मघाची मिजास नव्हती. म्हणाले, अक्का, माडीची वायरिंग कुणी केली होती? अक्का म्हणाल्या, यांच्या धाकट्या भावानेच, खालची आधीची केली त्याच उन्हाळ्यात. बाबा म्हणाले, मग फळी उघडू या. पण आधी तो इन्व्हर्टर बंद करा.

इन्व्हर्टर बंद झाला. दिव्याच्या तारेला लावलेला टेस्टर आता पेटला नाही. पण अक्कांचा टेस्टरवरही विश्वास नव्हता. तो मधल्या मध्ये बिघडला असला तर? घरात आता जिवंत तार कुठेच नव्हती, तेव्हा त्या टेस्टर घेऊन शेजारच्या घरी गेल्या, त्यांच्या प्लगात घालून तो पेटतो हे पाहिलं आणि परत आल्या. पुन्हा तारेला लावला. नाही पेटला. तेव्हा कुठे त्यांनी बाबांना हात लावू दिला. बाबांनी हे सगळं निमूट होऊ दिलं. ते एकदाही हसले नाहीत.

त्यांनी बटणांच्या फळीचे स्क्रू काढून ती पुढे ओढली. मागे धूळ, कोळिष्टकं, मेलेली पाल. न्हाणीच्या बटणाला काळी तार जोडलेली होती. बाबांनी ती स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाखवली. म्हणाले, लाल तारेतून करंट येतो, काळीतून परत जातो. बटण लाल तारेवर पाहिजे, म्हणजे ते बंद केलं की दिव्यापर्यंत काही पोचतच नाही. या माणसाने बटण काळ्या तारेवर घातलंय. बंद केलं की दिवा विझतो, पण लाल तार तिथे जिवंतच राहते. हात लागायची खोटी.

अक्का वाकून त्या तारेकडे बघत होत्या. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी काकांना हाक मारली, वर या म्हणाल्या. काका खालून म्हणाले, जेवायची वेळ झाली, नंतर बघूं, राहूं दे.

"आज नाहीं राहूं द्यायचें," अक्का म्हणाल्या. "आतां या."

काका आले. गुडघे दुखायचे म्हणून ते माडीवर कधी येत नसत. कठड्याला डाव्या हाताने धरत, थांबत थांबत आले. बाबांनी त्यांना तार दाखवली आणि समजावून सांगितलं. काकांनी पुन्हा सांगायला लावलं. चित्रकलेच्या मास्तरांनी मग आपल्या डाव्या हाताचं बोट हवेतच फिरवलं, फळीपासून दिव्यापर्यंत एक रेघ, दिव्यापासून परत फळीपर्यंत दुसरी, आणि दुसऱ्या रेघेवर बोट थांबवलं. हकडे बटण? त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, हो. तेव्हा खालीसुद्धा असंच असणार? बाबा म्हणाले, एकाच हाताचं काम आहे, दुसरं कसं असेल.

काका अक्कांकडे वळले.

"तूं बंद केलें होतेंस."

"सांगिटलें होतें कीं मी."

"आणि मी इतकीं वर्षें तुला माफ करीत बसलों," काका म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला, की मी आणि बाबा दुसरीकडे बघायला लागलो. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी बाबांना एवढंच सांगितलं, की फळी उघडी ठेवू नका, तारा नीट करा.

बाबांनी त्या नीट केल्या. लाल तार बटणावर आणली, काळी सरळ दिव्याकडे नेली, जुन्या बैठकीतली लोंबणारी हिरवी तार नव्या दिव्याच्या अर्थिंगला घट्ट बांधली. प्रत्येक तार जोडून झाली की अक्का ती ओढून बघायच्या. भिंतीच्या भोकात ओल जाऊ नये म्हणून बाबांनी कडेने पुट्टी भरली. मेन लावला, इन्व्हर्टर लावला, दिवा लागला. मग बटण बंद करून बाबा पुन्हा स्टुलावर चढले, नव्या दिव्याचं झाकण सैल केलं, आणि न सांगता टेस्टर लावून दाखवला. तो पेटला नाही.

मी वळून पाहिलं तर काका तिथे नव्हते. ते जिना उतरून गेले होते.

शेजारच्या बाई, अक्का टेस्टर घेऊन का आल्या होत्या ते विचारायला दारात आल्या होत्या. काका त्यांना सांगत होते. कधी आवाज न चढवणारे काका जवळजवळ ओरडून सांगत होते, तमिळमध्ये, की त्या दिवशी हिने बटण बंद केलं होतं. बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी हो हो केलं. काकांनी खांद्यावर पंचा टाकला आणि ओट्यावरून उतरून ते रस्त्यावर आले. समोरच्या घराची कडी वाजवली. मग त्याच्या पलीकडच्या. प्रत्येक दारात तेच. काहींना तो अपघात आठवतही नव्हता, काही तेव्हा इथे राहतही नव्हते. काका त्यांना पहिल्यापासून सांगायचे, डाव्या हाताने हवेत त्या दोन रेघा काढून दाखवायचे आणि पुढे निघायचे. जेवणाची वेळ टळून गेली होती. उन्हाने रस्ता तापला होता आणि त्यांच्या पायात काही नव्हतं.

अक्का त्यांच्या मागोमाग निघाल्या. चपला हातात घेऊन, त्यांना घालायला लावायला. मी त्यांच्या मागे. पण गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा अक्का थांबल्या.

काका धाकट्या भावाच्या घराच्या पायऱ्या चढत होते. त्या घरात ते कितीतरी वर्षांत गेले नव्हते. भाऊ दारात आला, म्हातारा झालेला, उघडाबंब, हात जेवणाने खरकटा. आत ये म्हणाला. काका आत गेले नाहीत. पायरीवर उभे राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी आपल्या घरच्या मराठीत सांगितलं, "माझ्या बायकोनें बंद केलें होतें. तूं आतां हातावर पाणी घे, चूळ भर, आणि चल तिच्यासमोर."

अक्का रस्त्याच्या मधोमध उन्हात उभ्या होत्या, चपलांचा जोड छातीशी धरून. भाऊ हात धुऊन बाहेर येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.